पेरिलासच्या मांडीचं हाड

आमच्या आल्मे खोऱ्याला तीन बाजूंनी डोंगर आहेत आणि चौथ्या बाजूला थोडासा समुद्र. थोडासा म्हणजे मिक्काच्या शेतातल्या अंजिराखाली उभं राहून मान वळवली की दोन कड्यांच्या फटीतून दिसतो तेवढाच. तळहातावर मावेल एवढं निळं. पण तेवढ्या निळ्यावर आम्ही स्वतःला दर्यावर्दी म्हणवून घेतो. आमच्याकडे एक लाकडी नावही आहे. तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि राजाच्या शेळ्या ते पितात.

हो, आम्हाला राजा आहे. हा देश घडवताना देवांनी दगड सढळ हाताने वापरले आणि माती चिमटीने. त्यामुळे दर डोंगराआड एक खोरं, आणि दर खोऱ्यात एक राजा. आमच्या अगेलास राजाकडे पितळी खिळे ठोकलेला राजदंड आहे. तो हातात धरून तो न्याय देतो, आणि न्याय देऊन झाला की त्याच दंडाने डुकरं हाकलतो. नदीकाठचं जवाचं शेत त्याचं. अख्ख्या खोऱ्यात सपाट जमीन तेवढीच. बाकी आम्ही सगळे डोंगराच्या अंगावर दगडांच्या ताली घालून, त्यांच्या आड ओंजळ-ओंजळ माती धरून जगतो.

मिक्काच्या ताली खिंडीच्या अगदी खाली. तिचा नवरा दरड कोसळून गेला तेव्हा वरची ताल अर्धी राहिली होती. उरलेली तिने घातली. तिने म्हणजे तिने आणि फालिओने. फालिओ तिचं गाढव. कपाळावर पांढरा ठिपका, एक कान जरा पडलेला, स्वभाव चांगल्या सासूसारखा, म्हणजे क्वचितच सापडणारा. नदीतून एकेक दगड पाठीवर घेऊन तो वर चढायचा, आणि मिक्का त्याच्या मानेवर हात ठेवून मागून गात यायची. त्या तालीत आज कांदे होतात, मसूर होते, कडेला तो अंजीर आहे. मिक्काचं पोट म्हणजे ती ताल. दुसरं काही नाही.

फालिओला एकच खोड होती. राजाच्या शेताजवळून जाताना त्याची मान आपोआप लांब व्हायची. आयुष्यभर त्याने तो जव कुंपणाबाहेरून बघितला. मग एका वर्षी, ओंब्या भरल्या होत्या तेव्हा, त्याने एक घास घेतलाच. राजा नेमका तिथे होता. राजदंडही होता. मागच्या पायाची मांडी मोडली. मिक्काने काठ्या बांधल्या, पाला ठेचून लावला, रात्रंदिवस बसून राहिली, पण फालिओ काही उठला नाही.

मेलेलं जनावर आमच्याकडे घळीत लोटतात, कुत्र्यांसाठी. मिक्का म्हणाली, "बित्तो, मी याला लोटणार नाही." मी तिची शेजारीण. मी काय म्हणणार? आम्ही दोघींनी अंजिराखाली खड्डा खणला, त्याला ओढत नेऊन त्यात निजवला आणि वर मधाचे चार थेंब टाकले, माणसाला टाकतात तसे. गाढवाला मूठमाती दिली म्हणून लोकांनी हसून जीव घेतला असता. म्हणून कुणाला काही सांगितलं नाही. मग बरेच हिवाळे उलटले.

एवढं मनात धरा. आता पुढचं ऐका.

डोंगरापलीकडच्या केरास खोऱ्याला वीर सापडला. विहीर खणताना एक दगडी खोली लागली, आत हाडं, आणि मग काय! त्यांनी लगेच कुंपण घातलं, मेंढा कापला, तेल ओतलं. तेव्हापासून केरासची माणसं खिंडीतून उतरताना छाती स्वतःच्या आधी पोचवायला लागली. वसंतातल्या जत्रेत तर कहर झाला. त्यांनी आणलेल्या गायकाने समुद्रापारच्या त्या जुन्या युद्धाचं गाणं म्हटलं, कुठल्या खोऱ्यातून किती जहाजं निघाली ते. हे खोरं, ते खोरं, हे बेट, ते बेट. दुपार कलली. आमची माणसं मान पुढे काढून बसली होती. आल्मेचं नाव आलंच नाही.

"येईल, येईल," राजा म्हणत होता.

"तुमच्या शेळ्या पोहत गेल्या असतील!" केरासचा एक जण ओरडला. "त्यांची मोजणी वेगळी!"

परतीच्या वाटेवर खिंडीत पोचल्यावर राजा थांबला आणि दंड आपटून म्हणाला, "आपल्यालाही वीर पाहिजे."

त्याप्रमाणे ओर्तिलोसबुवांना बोलावणं गेलं.

बुवा गायक होते. जो खाऊ घालील त्याचे पूर्वज ते गायचे. गाताना डोळे मिटून घ्यायचे, त्यामुळे लोकांना वाटे की त्यांना पलीकडचं दिसतं. मांस वाढायला आलं की मात्र डोळे उघडत आणि त्यांना अलीकडचंही फार चांगलं दिसे. गाणं रचायला बुवांना कष्ट पडत नसत. त्यांच्याजवळ सगळं तयार असे. पहाट तयार, मेजवानी तयार, ढाल तयार, पडणाऱ्या वीराचा धाडकन् आवाज तयार. नाव तेवढं जागच्या जागी बसवायचं.

राजाच्या मोठ्या घरी पहिल्या दिवशी मसुरीचं कालवण होतं. बुवांनी गायलं की आल्मेहून पेरिलास नावाचा वीर युद्धावर गेला, दोन जहाजं घेऊन. दुसऱ्या दिवशी चीज आणि गोड दारू होती. जहाजं चार झाली. तिसऱ्या दिवशी राजाने करडू कापलं. जहाजं सात झाली, पेरिलासच्या खांद्याएवढा खांदा साऱ्या सैन्यात कुणाचा नव्हता, आणि पेरिलासचा मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा असं करत करत बुवा थेट अगेलासच्या बापापर्यंत आले. राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. राजाचे डोळे तसे कोरडे. दुष्काळात त्याने कुणाला मूठभर जव दिला नव्हता.

आम्ही बायका पडवीत जात्यावर होतो. मी मिक्काला म्हटलं, "सात जहाजं! ठेवली कुठे असतील?"

"त्या नावेत," मिक्का म्हणाली. "शेळ्यांना जरा सरक म्हणाले असतील."

आम्ही हसत होतो. तेवढ्यात आतून राजाचा आवाज आला.

"बुवा, पण आमचा पेरिलास कुठे झोपला आहे?"

"वीर परत आला, राजे. जखमी होऊन आला. मायभूमीतच पडला," बुवा म्हणाले. "जागा... जागा देवच दाखवतील." आणि त्यांनी डोळे किलकिले करून राजाकडे पाहिलं. अशा वेळी देव राजाच्या तोंडातून बोलतात हे त्यांना माहीत होतं.

"खिंडीजवळ असेल," राजा म्हणाला. "केरासवाल्यांना उतरल्या उतरल्या दिसेल अशी."

"खिंडीजवळच!" बुवा म्हणाले. "मी तेच बघत होतो. एक झाड आहे का तिथे?"

"अंजीर आहे."

"अंजीरच."

मिक्काच्या हातातला जात्याचा खुंटा थांबला. वीराची जागा म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. भोवती दगडी कुंपण. आत नांगर नाही, कुदळ नाही, जनावर नाही. कायमचं. आणि त्या तालीवर मिक्काशिवाय कुणाचा हक्क नव्हता, आणि मिक्कामागे बोलणारा पुरुष नव्हता. राजाला वीर हवा होता, पण तो दुसऱ्याच्या जमिनीत.

सकाळी सगळं गाव तालीवर. वीर ओळखायची आमच्याकडची रीत सोपी आहे. जुन्या काळची माणसं आजच्यापेक्षा थोर होती, म्हणजे मोठी होती, हे पाळण्यातलं पोरही जाणतं. तेव्हा हाड माणसाच्या हाडापेक्षा दांडगं निघालं की तो वीर. जरा खणल्यावर कुदळीला काहीतरी लागलं. वर काढलं तर मांडीचं हाड.

ते गावातल्या सगळ्यात धिप्पाड माणसाच्या मांडीला लावून बघितलं. हाड त्याच्या हाडापेक्षा केवढं तरी जाड. लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण वेगळ्या कारणाने. मी मिक्काकडे बघायचं टाळलं.

"मोडलंय," कुणीतरी म्हणालं. "बघा, इथे मोडलंय."

बुवांनी हाड दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटले. "शत्रूचा घाव," ते म्हणाले. "पाठीमागून. भ्याडाचा."

राजा पुढे आला. त्या मोडलेल्या जागेवर त्याने बोट फिरवलं आणि हुंदका दिला. "कोणत्या नीचाने मारलं असेल रे माझ्या पेरिलासला!"

मिक्काने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

मग कवटी निघाली. लांबलचक. दात असे की दोन माणसांना पुरतील. दोर्किस म्हातारा, सगळा जन्म जनावरांत काढलेला, तो वाकून म्हणाला, "अरे, ही तर गाढवाची..."

"काय म्हणालास?" राजा गरजला. "माझ्या पूर्वजाला?"

"नाही, म्हणजे दात जरा..."

"गाढव म्हणालास?"

दोर्किसने राजदंडाकडे बघितलं. "उन्हामुळे नीट दिसत नव्हतं," तो म्हणाला. "आता दिसतंय."

बुवा पट्टीचे गायक होते, अडखळणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "घोडा!" ते म्हणाले. "वीराचा लाडका घोडा! धन्यासोबत पुरला. काय ती निष्ठा!"

"पण बुवा, धड एकच आहे," कुणीतरी म्हणालं.

"धड वीराचं. डोकं घोड्याचं."

"मग वीराचं डोकं?"

"शत्रूने नेलं."

"आणि घोड्याचं धड?"

"ते युद्धभूमीवर राहिलं. डोकं कोण सोडून येईल?"

हे इतकं बरोबर वाटलं की लोक रडायलाच लागले.

मिक्का राजापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, ही ताल गेली तर मी खाऊ काय?"

"मिक्काबाई," राजा समजुतीने म्हणाला, "दरवर्षी मेंढा कापू तेव्हा तुझा वाटा पहिला. आणि बाई, कीर्ती! खोऱ्याखोऱ्यांत तुझ्या अंजिराचं नाव होईल."

"कीर्तीचं कालवण होतं का, महाराज?"

"बाईमाणसाला या गोष्टी कळायच्या नाहीत," राजा म्हणाला. "उद्या वीरासाठी शोक करायचा, परवा कुंपण. केरासवाल्यांना निरोप धाडलाय. सगळे येणार आहेत बघायला."

त्या संध्याकाळी मिक्का माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. मला वाटलं रडेल, पण ती संतापली होती.

"मी सांगून टाकते, बित्तो. गाढव आहे म्हणून सांगते सगळ्यांसमोर. कुणी मारलं तेही सांगते."

"सांग की. वीराची विटंबना केली म्हणून दगडांनी ठेचतील. आणि मग तालही जाईल आणि तूही."

ती म्हणाली, "त्याला घोडा म्हणाले गं."

"म्हणू दे. त्याला काय फरक पडतो?"

"त्याला नाही. मला पडतो." तिने नाक पुसलं. मग एकदम तिने विचारलं, "पेरिलास राजाचा पूर्वज, असं बुवांनी गायलं ना? सगळ्यांसमोर?"

"करडू खाऊन गायलं."

"आणि उद्या पहिली ओळ कोण घेणार?"

मी तिच्याकडे बघितलं. आमच्याकडे गाणं पुरुषांचं आणि रडणं बायकांचं. मेलेला ज्या जमिनीवर असतो, तिथली बाई शोकगीताची पहिली ओळ घेते आणि बाकीच्या मागून उचलतात. आणि बाई शोक करत असताना मध्ये बोलणारा पुरुष मेलेल्याची झोप मोडतो, असं मानतात. राजासुद्धा बोलू शकत नाही.

"तू," मी म्हटलं.

"मीच," मिक्का म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तालीवर पाय ठेवायला जागा नव्हती. केरासचे लोक राजासकट आलेले, हाड बघून त्यांचे चेहरे पडलेले. त्यांच्या वीराचं हाड आमच्यापुढे काडीच होतं. अगेलास नवं वस्त्र पांघरून उभा होता. बुवा शेजारी, वाद्य पोटाशी धरून. अंजिराखाली लोकरीच्या कापडावर हाडं मांडलेली, कवटी उशाशी.

मिक्का केस मोकळे सोडून पुढे बसली. तिने कवटीवर हात ठेवला, कपाळावर, जिथे कधी पांढरा ठिपका होता तिथे. आणि तिचा आवाज खरोखरच फाटला.

*कोण गं निजलं इथे, कांद्याच्या वाफ्यामधी,*
*सात जहाजांचा धनी, उशाला माती साधी.*

आम्ही ओळ उचलली. पुरुषांनी माना खाली घातल्या. राजाने डोळे पुसले.

*पाठीवर ओझी तुझ्या, चढला घाट उभा,*
*कुणी नाही दिली तुला, सावलीत क्षणभर मुभा.*

"युद्धाची ओझी," बुवा शेजारच्याच्या कानात पुटपुटले.

*मोडला पाय ज्याने, झडो गं त्याचा हात,*
*एकच घास होता, राजा, तुझ्या दातात.*

या ओळीला माझं रडणं आणि हसणं एकमेकांत असं अडकलं की मला पदर तोंडात कोंबावा लागला. लोकांना वाटलं, बित्तोला केवढा कढ आला. राजा जोरजोराने मान हलवत होता. झडो, झडो, असं त्याचे ओठ म्हणत होते.

आणि मग मिक्काने सूर बदलला. हलका केला, आईने निजलेल्या पोराला विचारावं तसा.

*रक्ताचे सोयरे तुझे, नदीच्या गं काठी,*
*परक्या बाईच्या दारी, निजलास कशापाठी?*

*विधवेच्या तालीमधी, वीराला नाही मान,*
*जवाच्या शेतामधी, वंशाचं तुझ्या रान.*

राजाची मान हलायची थांबली.

आम्ही बायकांनी ती ओळ उचलली आणि सोडलीच नाही. *जवाच्या शेतामधी.* एकदा, दोनदा, पुन्हा. छाती बडवत, केसांच्या झिंज्या करत. राजाची बायको क्लेइतो आमच्यात बसलेली, तीही इमाने इतबारे म्हणत होती. आपण काय म्हणतोय ते तिच्या ध्यानात आलं तोवर तिचा आवाज सगळ्यात वर चढला होता.

*बोलावलंस स्वप्नामधी, म्हणालास, मला ने गं,*
*आपल्या मातीवाचून, कसा मी झोप घेऊ गं.*

राजाने तोंड उघडलं. केरासच्या राजाने त्याच्याकडे वळून पाहिलं. अगेलासने तोंड मिटलं.

शोक संपला. केरासचा राजा घसा खाकरून म्हणाला, "अगेलास, तुझा खापरपणजोबा म्हणालास ना? आमच्याकडे पूर्वजाला परक्या बाईच्या कांद्यात ठेवत नाहीत. तुमच्याकडे रीत वेगळी असेल."

"रीत तीच आहे!" अगेलास म्हणाला. तो घामाने डबडबला होता. "पण... वीराला उंच जागा आवडते. नाही का, बुवा? तुम्ही गायलं होतं. खिंडीजवळ."

बुवांनी सगळीकडे एक नजर टाकली. समोर केरासचा राजा होता, त्याच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं. आणि सगळ्या बायका बुवांकडे बघत होत्या. घरोघर वाढणाऱ्या त्याच. बुवांनी डोळे मिटले.

"पडला खिंडीजवळ," ते म्हणाले. "पण त्याला नदी ऐकू येते आहे. तो म्हणतो आहे, मला माझ्या माणसांत न्या. मला आत्ताच ऐकू आलं."

हाडं दुपारीच खाली नेली. राजाने शेताच्या कोपऱ्याला, बांधाजवळ, झुडपांत एक जागा दाखवली. पण केरासवाले म्हणाले, आमच्या वीराभोवती तर एवढं मोठं कुंपण आहे, आणि तुमचा तर सात जहाजांचा धनी. मग कुंपण वाढत वाढत गेलं. प्रत्येक पावलागणिक राजाचा चेहरा लांब होत होता, इतका की कवटीचीच आठवण यावी. शेवटी शेताचा मधला सगळा काळाभोर तुकडा आत गेला. जव अजून हिरवा होता. तो तसाच आत राहिला.

आता दरवर्षी वसंतात तिथे मेंढा कापतात. तेल ओततात, दारू ओततात, मध ओततात. ओर्तिलोसबुवांचं गाणं आता मोठं झालंय, जहाजं नऊ झाली आहेत आणि घोड्याला बोलता येतं. केरासचे लोक जळतात, कारण त्यांच्या वीराला घोडा नाही. आणि शेवटी राजा पुढे येतो, दंड उंचावतो आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात शाप देतो: ज्या हाताने हे हाड मोडलं तो हात झडो. आम्ही सगळे म्हणतो, झडो. दंडाला नवे खिळे ठोकले आहेत.

मिक्काचा वाटा पहिला असतो. ती मांस घेत नाही, मला देते. कुंपणाशी बसून ती रडते, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या गर्दीत डोळ्यांतून पाणी काढणारी ती एकटीच. लोक म्हणतात, काय भक्ती आहे बाईची. मग ती पदरातून एक कांदा काढते, आपल्या तालीवरचा, आणि कुंपणावरून आत टाकते.

आत कुणी पेरत नाही, पण जव आपोआप उगवतो, दरवर्षी, गुडघ्याच्या वर. ओंब्या भरतात, वाकतात आणि गळतात. त्याला कुणी हात लावत नाही. सगळा फालिओचाच आहे.